कृष्णेकडून सावित्रीकडे

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट ओलांडला की थोड्याच वेळात सुरूरचा फाटा येतो. महामार्गावरची बहुतेक रहदारी सरळ पुढे धावते, काही गाड्या तेवढ्या उजवीकडे वळतात. वळणाऱ्यांपैकी कुणाला वाई गाठायची असते, कुणाला पाचगणी आणि पुष्कळांना महाबळेश्वर. तिथं पोचलं की रस्ता संपला, असा त्यांचा समज असतो. रस्ता मात्र संपलेला नसतो. महाबळेश्वरची बाजारपेठ मागे टाकून तो पश्चिमेला प्रतापगडाच्या दिशेनं निघतो, आंबेनळी घाटानं कोकणात उतरतो आणि पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो. सुरूर ते पोलादपूर हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. कडेला हिरव्या माथ्याचे किलोमीटरचे दगड दिसले की हा राज्यमार्ग हे कळतं. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्याचा.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्या उगम पावतात, अशी श्रद्धा आहे. त्यातली कृष्णा पूर्वेला वळते, वाईचे घाट भिजवते आणि चार राज्यांतून वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री कड्यावरून कोकणात झेपावते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाऊन अरबी समुद्राला मिळते. सुरूर–पोलादपूर रस्ता या दोन नद्यांना जोडतो. एका टोकाला कृष्णेचं खोरं, दुसऱ्या टोकाला सावित्रीचं, आणि मधे सह्याद्रीचा माथा. महाराष्ट्रात घाटरस्ते पुष्कळ आहेत, पण देश आणि कोकण यांच्यातलं अंतर इतक्या थोड्या किलोमीटरांत इतक्या स्पष्टपणे दाखवणारे थोडेच.

तरीही या रस्त्याच्या दोन अर्ध्यांना मिळणारी माया सारखी नाही. पूर्वेचा अर्धा भाग जाहिरातींत असतो, लग्नाच्या अल्बममध्ये असतो, सुटीच्या बेतांत असतो. पश्चिमेचा अर्धा भाग वर्तमानपत्रात येतो तो बहुधा पावसाळ्यात, दरड कोसळल्यावर.

सुरूरहून वाईकडे निघालं की दोन्ही बाजूंनी जुने वड सोबत करतात. त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडतात आणि एप्रिल–मेच्या उन्हातही खाली सावली राहते. डांबरी रस्ते येण्याआधी बैलगाड्या आणि पायी चालणारे यांच्यासाठी झाडं हा रस्त्याच्या बांधणीचाच भाग होता. सावली नसेल तर बैल पुढे जात नाही, एवढं ते साधं होतं. आज रुंदीकरणाची चर्चा निघाली की वाईकरांच्या मनात पहिला प्रश्न या वडांचाच येतो, आणि तो यायलाच हवा. शंभर वर्षांची सावली निविदा काढून विकत घेता येत नाही.

वाईबद्दल सांगावं तेवढं थोडं. रास्त्यांनी बांधलेले घाट आणि देवळं, १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी उभारलेलं ढोल्या गणपतीचं मंदिर, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीकाठच्या छोट्या मंदिरात टांगलेली वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा. वाईचं आणखी एक वैभव कागदाचं आहे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा इथली, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चालवलं. मुंबई–पुण्यापासून दूर, एका तालुक्याच्या गावी, जगभरातल्या ज्ञानाच्या नोंदी मराठीत लिहिल्या जात होत्या. ठिकठिकाणचे विद्वान या कामासाठी वाईत येत, त्यांच्या लेखांची बाडं वाईत येत. ती येण्याची वाटही हीच.

वाई सोडली की पसरणी गाव आणि लगेच पसरणी घाट. चढ सुरू होताच डाव्या–उजव्या वळणांतून कृष्णेचं खोरं हळूहळू खाली जायला लागतं. धोम धरणाचं पाणी, उसाची आणि हळदीची शेतं, पांडवगडाचा माथा. या घाटाखालच्या पसरणी गावानं महाराष्ट्राला शाहीर साबळे दिले. त्यांचा जन्म इथं १९२३ साली झाला. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांचं संगीत असलेलं जे गीत त्यांच्या खड्या आवाजात घरोघर पोचलं, तेच २०२३ साली महाराष्ट्राचं राज्यगीत झालं.

राज्य मिळण्याआधी त्यासाठीच्या लढ्याचा एक प्रसंग याच रस्त्यावर घडला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला आले. मुंबई तेव्हा द्वैभाषिक राज्यात होती, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी शिगेला पोचली होती. संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळ्या निशाणांची हाक दिली. गावोगावची माणसं शिदोऱ्या बांधून निघाली आणि वाई–पसरणीच्या पट्ट्यात रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली. पंतप्रधानांच्या गाड्यांचा ताफा काळ्या झेंड्यांच्या रांगांमधून वर चढला. दगडफेक करून काहीच साधलं नसतं. घाटात मोटारीला वेग कमी करावाच लागतो, आणि वेग कमी झाला की आतल्या माणसाला बाहेरच्यांचे चेहरे दिसतात. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं. मुंबईतल्या हुतात्म्यांचं बलिदान या लढ्याच्या केंद्रस्थानी आहे, त्याला तोड नाही. पण ग्रामीण महाराष्ट्रानं आपलं म्हणणं दिल्लीला समोरासमोर ऐकवलं ते अशा एका डोंगरी रस्त्यावर. तिथं त्या दिवसाची आठवण सांगणारा एखादा साधा फलक असायला हरकत नाही.

घाट संपला की पाचगणी. दांडेघर, गोडवली, अमरळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा जॉन चेसन या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर नावारूपाला आणली. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगं नसे, म्हणून वर्षभर राहता येईल अशा थंड जागेची गरज होती. पाचगणीनं ती भागवली. मग शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामं आली, सिल्व्हर ओकच्या रांगा आल्या. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा १९५० च्या दशकात इथल्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकत होता. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. गावाच्या डोक्यावरचं टेबललँड हे जांभ्या दगडाचं सपाट पठार. पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी हा जांभा लक्षात ठेवायला हवा. वरून टणक दिसणारा हा दगड सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो आणि खालच्या काळ्या कातळाच्या थरांत मुरवतो.

पाऊस हाच या रस्त्याचा खरा मालक आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण ६,००० मिलीमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईत आलं की वर्षभराचा पाऊस १,००० मिलीमीटरही गाठत नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्याला धडकतात, माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेला उतरताना त्यांच्यात फारसं काही उरत नाही. शाळेच्या भूगोलात पर्जन्यछायेचा धडा असतो. जुलैत पोलादपूरहून सुरूरला येणाऱ्या प्रवाशाला तो धडा काचेवरच्या वायपरच्या वेगावरून कळतो.

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधला पट्टा स्ट्रॉबेरीचा. भिलार, गुरेघर, मेटगुताडच्या उतारांवर पावसाळा सरल्यावर गादीवाफे तयार होतात, रोपं लागतात आणि हिवाळाभर तोडा चालतो. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. हे फळ नाजूक. सकाळी तोडलेला माल छोट्या डब्यांत भरून शक्य तितक्या लवकर पुण्या–मुंबईच्या बाजारात पोचवावा लागतो, आणि खड्ड्यांनी दिलेला प्रत्येक धक्का फळावर उमटतो. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला रस्त्याची अवस्था हवामानाइतकीच पाहावी लागते. भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तकांची कपाटं मांडली गेली आणि कुणीही आत जाऊन वाचत बसावं, असं दार उघडं ठेवलं गेलं. वाईचा विश्वकोश आणि भिलारची पुस्तकं यांच्यामधे एवढा एक घाट आहे.

महाबळेश्वरचं आजचं गाव वसलं ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकारानं. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन ही जागा कंपनीकडे गेली आणि मोबदल्यात महाराजांना खंडाळा हे गाव मिळालं. हे खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचं नव्हे, खंबाटकीच्या अलीकडचं. नव्या पेठेला माल्कमपेठ नाव पडलं. पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी कैदी इथं ठेवले गेले, आणि साहेबांच्या टेबलावरचे बटाटे आणि भाज्या त्यांच्या श्रमांतून पिकल्या. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. गव्हर्नर उन्हाळ्यात वर येत आणि मुंबई इलाख्याचा कारभार काही काळ इथून चाले.

गव्हर्नर वर यायचे तरी कसे? एक वाट पुण्यावरून, वाई आणि पसरणीमार्गे. दुसरी समुद्रावरून. मुंबईहून गलबतानं किंवा आगबोटीनं बाणकोटची खाडी गाठायची, सावित्रीतून दासगाव–महाडकडे यायचं आणि तिथून पालखीनं किंवा घोड्यावरून पारच्या वाटेनं रडतोंडीचा घाट चढायचा. रडतोंडी! चढणाऱ्याची काय गत होत असेल ते नावातच आलं. पालखीत बसलेल्यांनी आपल्या प्रवासाची वर्णनं लिहून ठेवली आहेत. पालखी खांद्यावर घेतलेल्यांनी काही लिहिलं नाही, पण त्या वाटेचा खडान् खडा ठाऊक होता तो त्यांनाच.

ही वाट इंग्रजांच्या कितीतरी आधीची. महाड हे जुनं बंदर, आणि त्याला वाईच्या मुलखाशी जोडणारा पार घाट व्यापाराचा. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात, देशावरून गूळ आणि धान्य खाली येई. जावळीचं खोरं ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती या घाटांच्या किल्ल्या. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली लगोलग प्रतापगड उभा केला. या किल्ल्याची जागा पाहिली की महाराजांची नजर कळते. पार घाटावर येणारं–जाणारं सगळं त्याच्या टप्प्यात येतं.

तीन वर्षांनी अफझलखान वाईत येऊन तळ देऊन बसला. वाईची त्याला पूर्वीपासून माहिती होती, सुभा त्याच्याकडेच होता. मोकळ्या मैदानात त्याच्या फौजेपुढे टिकाव धरणं अवघड होतं. महाराजांनी त्याला जावळीत बोलावलं, आणि त्याच्या लष्करासाठी जंगल तोडून वाट मोकळी करून दिली गेली, असं सांगितलं जातं. खान हत्ती, तोफा आणि बाजारबुणग्यांसह रडतोंडी उतरून पारला आला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली आणि पुढे काय झालं ते महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या विजयाची गोष्ट आपण वाघनखांनी सांगतो. रस्त्यांचा अभ्यास करणाऱ्यानं ती वाटेच्या बाजूनंही पाहावी. येताना मुद्दाम सोपी केलेली वाट परतताना बंद झाली होती. दाट रानात, अरुंद दरीत, वाटा अडवून बसलेल्या मावळ्यांपुढे खानाच्या मोठ्या फौजेची संख्या निरुपयोगी ठरली. कुठली वाट उघडायची आणि कुठली मिटायची, हे राज्यकर्त्याला कळावं लागतं. ते ज्ञान महाराजांकडे होतं आणि ते इथल्याच माणसांकडून आलेलं होतं.

पारमध्ये रामवरदायिनीचं देऊळ आहे. जवळच कोयनेवर एक दगडी पूल आहे. तो शिवकाळातला म्हणून ओळखला जातो आणि आजही वापरात आहे. प्रतापगडाला येणारे हजारो पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत. पूल बांधताना पाण्याला वाट किती ठेवायची याचा अंदाज चुकला की पहिल्या मोठ्या पुरात पूल जातो. हा टिकला. बांधणाऱ्यांनी कोयनेचं मन ओळखलं होतं.

गाड्या चालतील असा आंबेनळीचा रस्ता इंग्रजांनी १८७० च्या दशकात केला. त्याला मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झगेराल्ड यांचं नाव दिलं गेलं आणि जुन्या कागदपत्रांत तो फिट्झगेराल्ड घाट म्हणून येतो. लोकांनी ते नाव कधी तोंडात घेतलं नाही, आंबेनळी म्हणजे आंबेनळीच. महाबळेश्वर ते पोलादपूर अंतर सुमारे ४० किलोमीटर, आणि तेवढ्यात रस्ता १,३०० मीटरच्या आसपास खाली येतो. इतका उतार सरळ रेषेत देता येत नाही. म्हणून रस्ता डोंगराला बिलगून फिरतो, ओघळाच्या पोटात शिरतो, पुन्हा नाकाडावर येतो. प्रत्येक ओघळाला मोरी, प्रत्येक धोक्याच्या वळणाला दगडी कठडा, डोंगराच्या बाजूनं पाणी काढून नेणारं गटार. पहारी, सुरुंग आणि घमेली यांच्या बळावर माणसांनी हा कातळ फोडला. त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

रस्त्यांचा दर्जा आणि त्यांची जबाबदारी ठरवणारी व्यवस्था फार नंतर आली, आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली सरकारनं रस्ते विकासाची समिती नेमली. रेल्वेच्या प्रेमात पडलेल्या सरकारला या समितीनं सांगितलं की रस्ते ही केवळ स्थानिक मंडळांनी पेलायची बाब राहिलेली नाही. तिच्या शिफारशीनं पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा कर बसला आणि रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. मग १९४३ च्या डिसेंबरात नागपुरात प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी देशातल्या रस्त्यांची प्रतवारी ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. हिरव्या माथ्याच्या दगडामागे ही सगळी वंशावळ आहे. राज्यमार्ग म्हणजे जिल्ह्यांना एकमेकांशी आणि मोठ्या महामार्गांशी जोडणारी शीर. दिल्लीची नजर तिच्यावर क्वचित पडते, ग्रामपंचायतीची ऐपत तिथवर पोचत नाही. तिचं सगळं ओझं सार्वजनिक बांधकाम विभागावर.

त्या विभागातला सगळ्यात खालचा माणूस म्हणजे मैलकुली. मैलभर रस्ता त्याच्याकडे सोपवलेला, म्हणून मैलकुली. किलोमीटर आले तरी नाव तेच राहिलं. खांद्यावर फावडं, डोक्यावर इरलं, पुढे प्लास्टिकचा कागद. पावसाच्या तोंडावर गटारातला पाचोळा काढायचा, मोरीत अडकलेली फांदी ओढायची, कडेचं गवत कापायचं, ओघळानं आणलेली माती बाजूला सारायची. दिसायला किरकोळ काम. पण घाटरस्ता टिकतो तो याच कामावर. गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर येतं, दरीच्या बाजूनं वाट काढतं, भरावाखालची माती नेतं, आणि मग एका रात्रीत अर्धा रस्ता खाली गेलेला असतो. कठड्याच्या भिंतीवर लाखो रुपये खर्च करून जे साधत नाही, ते मे महिन्यात साफ केलेली मोरी साधते. गेल्या काही दशकांत रस्त्यांची कामं ठेकेदारांकडे गेली आणि मैलकुलीची जात कमी होत चालली. यंत्रं आली, तीही हवीतच. पण यंत्र बोलावल्यावर येतं. मैलकुली पाऊस सुरू असताना तिथंच असायचा, आणि कुठला ओघळ यंदा वेगळा वाजतोय, हे त्याला कानानं कळायचं.

जुलै २०२१ मध्ये काय झालं ते पाहिलं की हे का महत्त्वाचं, ते ध्यानात येतं. २२ आणि २३ जुलैच्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलीमीटर पाऊस झाला. वाईला वर्षभरात जेवढं पाणी मिळतं त्याच्या आसपासचं पाणी माथ्यावर एका दिवसात ओतलं गेलं. जांभ्यातून मुरलेलं, मातीत साचलेलं पाणी उतारांना पेलवलं नाही. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, दरडींखाली गेला, वाहतूक तुटली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळून माणसं गेली, शेजारच्या महाड तालुक्यात तळिये गाव गाडलं गेलं. बातम्यांमध्ये महाबळेश्वरचे अडकलेले पर्यटक दिसले. कुंभरोशीसारख्या घाटमाथ्याच्या गावांचा पोलादपूरशी संबंध तुटला, ही बातमी आतल्या पानावर राहिली. घाट बंद पडला की कोकणात उतरायला वरंध, नाहीतर ताम्हिणी किंवा कुंभार्ली असा लांबचा वळसा. तो मोटारवाल्याला परवडतो. एसटीची वाट पाहणाऱ्याला परवडत नाही.

त्याआधी तीन वर्षं, २८ जुलै २०१८ रोजी, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या सहलीला निघाली होती. आंबेनळीत ती दरीत कोसळली. एकतीसांपैकी तीस जण गेले. जो एकटा वाचला तो चढून रस्त्यावर आला आणि त्यानंच खबर दिली. दाट धुकं, निसरडे कडे आणि संततधार अशा स्थितीत महाबळेश्वर ट्रेकर्सचे तरुण आणि पोलादपूर–महाडकडचे गिर्यारोहक दोर लावून दरीत उतरले आणि एकेक देह वर आणला. हे काम त्यांनी पगारासाठी केलं नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचं देणं लागतो, अशा भावनेनं केलं. घाटात अपघात झाला की पहिला पोचतो तो आजही जवळच्या गावातला माणूस, हातात दोर आणि बॅटरी घेऊन.

घाट उतरला की हवा बदलते. दमट, उबदार, भाताच्या खाचरांची. पोलादपूर हे छोटं तालुक्याचं गाव, घराघरातलं कुणीतरी मुंबईला. इथं कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांचं चरित्र संस्कृतात रचणारे ‘शिवभारत’कार ते हेच. अफझलखानाच्या स्वारीचं वर्णन ज्यांनी केलं, त्यांनी देह ठेवला तो त्याच मुलखाच्या पायथ्याशी. याच तालुक्यात उमरठ हे तानाजी मालुसरे यांचं गाव. महाबळेश्वरच्या गर्दीतली शंभरातली पाच माणसं जरी इथवर उतरली, तरी पोलादपूरच्या खानावळींना आणि रिक्षावाल्यांना बरे दिवस येतील.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या १२ किल्ल्यांत प्रतापगड आहे. आता या रस्त्यावर गाड्या वाढतील आणि रुंदीकरणाची मागणीही जोर धरेल. २००१ पासून महाबळेश्वर–पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर आहे, तरी दरवर्षी हंगामात रस्त्याच्या कडेनं नवं बांधकाम दिसतंच. आंबेनळीत डोंगर आणखी कापून रस्ता रुंद करणं हा चुकीचा मार्ग होईल. उभा काप जितका मोठा, तितकी वरची माती निराधार. इथं पहिला पैसा गटारांवर, मोऱ्यांवर, दरड रोखणाऱ्या जाळ्यांवर, धोक्याच्या वळणांवरच्या भक्कम कठड्यांवर आणि बारमाही गस्त घालणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा. पूर्वेच्या टोकाला वड राखावेत. रुंदीचा विचार त्यानंतर.

वाचकांना एवढीच विनंती. महाबळेश्वरला जाल तेव्हा एकदा तिथून मागे फिरू नका. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी निघा, पारचा जुना पूल पाहा, आंबेनळी सावकाश उतरा, पोलादपूरला जेवा. घाटात फावडं घेतलेला माणूस दिसला तर गाडीचा वेग कमी करा. आणि पावसाळ्यात घाट बंद असल्याचा फलक लागला असेल, तर वाद घालू नका, वळसा घ्या.